बुशशर्टातला भाऊ

आमच्या घरात माझ्या संशोधनाचा विषय जेवताना निघतो आणि बहुधा माझ्या फजितीवर संपतो. मुलांना वाटतं, बाबांनी तरुणपणी काहीतरी मोठं केलं. बायकोला खरं माहीत आहे. ती त्या वेळी ताक आणायला उठते.

खरं असं, की मोखाड्याच्या बाजूला एक गाव धरणात गेलं होतं आणि तिथली माणसं माळावर पत्र्याच्या शेडींत आणून ठेवली होती. आमच्या संस्थेतल्या बाईंना प्रश्न पडला, की अशा उठवून आणलेल्या वस्तीत नवऱ्याचा मार खाणारी बाई मदत मागायला जाते तरी कुठे? प्रश्न चांगला होता. तो विचारायला त्यांनी मला पाठवलं, हे तितकंसं चांगलं नव्हतं. मी पंचविशीच्या आतला, बिनलग्नाचा, काडीसारखा, आणि बायकांशी बोलताना माझी नजर आपोआप छपराकडे जाई.

जव्हारला एका मुसलमान शिंप्याच्या माडीवर खोली घेतली. त्याला मी चाचा म्हणे. रोज एसटीनं जायचं, पुढे चालायचं, आणि बायांसमोर बसून बाईंनी घोकवून घेतलेला प्रश्न म्हणायचा: पतीकडून मारहाण झाल्यास आपण कोणाकडे दाद मागता? पहिल्या दिवशी बाया इतक्या हसल्या, की एकीच्या कडेवरचं मूल घाबरून रडायला लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मलाच विचारलं, तुझी बायको तुला मारते का. लग्नच झालं नाही म्हटल्यावर त्यांनी एकमेकींकडे असं पाहिलं, की जणू आता सगळा उलगडा झाला.

मारहाणीबद्दल कुणी चकार शब्द काढेना. बोलत ते बुडालेल्या गावाबद्दल. विहीर कुठल्या अंगाला, तिच्यावरचा आंबा किती आंबट, वेशीवरचा वाघोबाचा दगड कुणाच्या बैलानं पाडला, वीज पडून अर्धा जळालेला मोह कसा फुलतच राहिला. थोड्याच दिवसांत त्या गावात मी डोळे मिटून हिंडू शकलो असतो. अडचण एवढीच, की मला पोहता येत नव्हतं.

तिथे एक म्हातारी होती. तिला सगळे आते म्हणत. तिच्या दारात बसून मी माझी भाकरी खाई. एकदा ती आपणहून समोर येऊन बसली. तिची भाची साखरशेतच्या पलीकडल्या एका पाड्यावर दिलेली. नवरा दारू पिऊन मारी. या खेपेला हात मोडला होता. बाजारात भेटलेल्या बाईकडून पोरीनं निरोप धाडला होता, आता न्यायला या, नाहीतर मग कशालाच येऊ नका. सासरचे म्हणत, माहेरचा पुरुष न्यायला आल्याशिवाय सून धाडायची रीत नाही. पोरीचे आईबाप मेलेले. भाऊ भिवंडीकडे वीटभट्टीवर, नेमका कुठे ते कुणाला ठाऊक नाही. शेडींतले बाकीचे धडधाकट पुरुषही पोटामागे ठाण्या-मुंबईकडे गेलेले. आते स्वतः जाऊन आली होती. तिला अंगणातूनच परत धाडलं. गाव होतं तेव्हा भाऊबंद काठ्या घेऊन गेले असते आणि पोर घेऊन आले असते.

"आता तू जा," ती म्हणाली. "चुलतभाऊ हाय म्हणून सांग."

मी चौकी सुचवली, दवाखाना सुचवला. पण चौकीत जायचं तर आधी घरातून निघायला हवं, आणि घरातून निघायला भाऊ हवा. मग म्हटलं, माझं हे शाळेतलं बोलणं, हे सँडल, मी कुठून तिचा भाऊ दिसतो?

"गाव ठाव हाय ना तुला? मग झाला भाऊ."

चाचाला सांगितलं तर तो मशीन थांबवून हसला. मग चोळीचा खण कागदात बांधून दिला, भावानं रिकाम्या हातानं जायचं नसतं म्हणाला, आणि तिथे तोंड कमी उघडायची ताकीद दिली. त्यानंच शिवलेला, चार खिशांचा कोरा बुशशर्ट घालून मी निघालो.

नवरा आडदांड असल्याचं आतेनं आधीच सांगून ठेवलं होतं, कशासाठी कोण जाणे. पण नाला ओलांडून वर चढतो तर कुणीतरी आरोळी दिली आणि घराघरांतून पुरुष निघून रानाकडे पळत सुटले. एक दांडगा गडी तर घराची कुडाची भिंत फोडूनच गेला. मी मागे वळून पाहिलं, वाघबिघ आला की काय म्हणून. मागे कुणी नव्हतं.

ते दिवस आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीचे होते. बुशशर्ट घातलेला, हातात पुडकं घेतलेला परका माणूस म्हणजे दुसरं कोण असणार? मला पाहून माणसं पळण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. छाती जराशी पुढे आलीच.

कूड फुटलेल्या घराच्या ओटीवर म्हातारा सासरा तेवढा बसून होता.

"मी नाय पळत," तो म्हणाला. "माझ्याकडं कापायजोगं काय राह्यलं नाय."

मी घाईघाईनं सांगितलं, मी तसला नव्हे, तुमच्या सुनेला न्यायला आलोय, तिचा चुलतभाऊ. त्यानं मला सँडलपासून भांगापर्यंत न्याहाळलं आणि चौकशी आरंभली. विहीर कुठे होती? उगवतीला, म्हटलं, वर आंबट आंबा. वाघोबाचा दगड कुणी पाडला? मी मालकाचं नाव सांगितलं, वर बैलाचा रंगही सांगितला. कुठल्या परीक्षेत मला कधी इतकं आलं नव्हतं.

"अन् मोहावर ईज पडली तवा तू कुठं व्हता?"

"शाळेत," मी ऐटीत म्हणालो.

त्या गावात शाळाच नव्हती. हे मलाही ठाऊक होतं, पण जीभ माझ्या आधी पोचली होती. म्हाताऱ्यानं एकदा रानाकडे पाहिलं, एकदा कुडाला पडलेल्या भगदाडाकडे. मग आत हाक मारली, "पोरी, तुझं माहेर आलं बघ."

ती दारात आली. हात फडक्यानं गळ्यात बांधलेला, एक डोळा सुजून मिटलेला. शेजारच्या बाया अंगणात जमल्या होत्या. तिनं मला जन्मात पाहिलं नव्हतं. हा कोण, एवढंच जरी म्हणाली असती तरी सासऱ्याच्या हातात काही उरलं नसतं. उघड्या डोळ्यानं ती माझ्याकडे पाहत राहिली.

"इतका उशीर केलास, दादा?" ती म्हणाली.

मी खण पुढे केला. सासरा म्हणाला, जेवायला बसवलं असतं, पण रानातले परतायच्या आत निघा.

ती पुढे, मी मागे. नाला ओलांडल्यावर थांबून तिनं विचारलं, कोण तू? मी संशोधन म्हणजे काय ते सांगायला लागलो. अर्ध्यातच ती म्हणाली, पुरे, पाय उचल.

काही दिवसांनी सासरा आणि नवरा तिला परत न्यायला आले. आतेच्या हुकमावरून मला त्याच बुशशर्टात शेडीपुढे बसवलेलं. नवरा वाटेवरच्या चिंचेखालीच थांबला. माझ्या खिशांवरून त्याची नजर हलेना. सासऱ्यानं रीतीप्रमाणे विचारलं, भाऊ काय म्हणतो?

"बहीण म्हणेल ते," मी म्हटलं.

"नाय जायची," ती म्हणाली.

म्हातारा पाणी पिऊन उठला. उठताना फारसा दुखावलेला दिसला नाही.

माझं काम संपलं. निघायच्या दिवशी तिनं मला अडवलं. तू जाशील, म्हणाली, आणि तो पुन्हा आला तर मी कुठं जाऊ? बाईंचाच प्रश्न, फक्त आता तो मला विचारला जात होता. मी चौकीचा रस्ता समजावला, जव्हारचा दवाखाना सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"शर्ट ठेवून जा," ती म्हणाली.

वाटेवरून दिसेल असा तिनं तो दारातल्या खुंटीला टांगला. खिशाला माझं पेनही लावून घेतलं. मी गंजीफ्रॉकवर जव्हारला उतरलो. चाचानं गळ्यातली टेप काढली आणि माझं माप घ्यायला लागला.

नवरा पुढे काही वेळा चिंचेपर्यंत आला, मग यायचा थांबला. दिवाळीला मी अजून तिकडे जातो, जाताना माझा एक जुना शर्ट नेतो, कारण आधीचा उन्हानं विटलेला असतो. मी म्हणतो, आता कशाला? ती ऐकत नाही. खुंटी रिकामी ठेवायची नाही म्हणते.