भाकरी, भाखरी आणि रोटलो

पाच-सहा वर्षांपूर्वी सुरतेत आमच्या वरच्या मजल्यावरच्या गुजराती बेन जिन्यावरून पडल्या आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. घरात त्या एकट्याच. मी म्हटलं, "बेन, संध्याकाळी भाकरी पाठवते, चालेल?"

"भाखरी? चालशे, चालशे!" त्या खूश झाल्या.

मी धुळ्याकडची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापली, वर लसणाची चटणी ठेवली आणि स्वतःच घेऊन गेले. बेननी झाकण उघडलं आणि माझ्याकडे पाहिलं. "आ तो रोटलो छे!"

मला वाटलं, नावं ठेवताहेत. पण त्यांनी तो अख्खा रोटलो संपवला आणि मग सांगितलं, ज्वारी-बाजरीचा थापलेला तो रोटलो; भाखरी गव्हाची असते, जाड, कडक, भरपूर तूप लावलेली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ओट्याशी उभी राहून मी ती शिकले. त्या खुर्चीवर बसून पाणी कमी घालायला सांगत होत्या. "पाणी ओछुं! हजी ओछुं!" तव्यावर लाकडी दट्ट्याने दाबत भाजायची, हे मला नवीनच होतं. एक खाली आणून सासूबाईंना दिली. त्यांनी तुकडा मोडला, कट्कन आवाज झाला. "हाई भाकर नही शे, बिस्कूट शे," त्या म्हणाल्या. आणि चहात बुडवून खाल्ली.

शब्द मात्र माझ्या डोक्यातून जाईना. नाव जवळजवळ तेच, मग वस्तू वेगळी कशी? आमच्या गल्लीत एक निवृत्त गुजराती शिक्षक राहतात, त्यांना विचारलं. ते म्हणाले, "शब्द सख्खे दिसतात खरे. पण आधी कुणाचा, ते मी छातीठोक सांगणार नाही." त्यांचं हे न सांगणं मला आवडलं.

मग एकदा मी त्यांच्याकडे पीठ मळत असताना बेननी विचारलं, "तुम्ही सुरतेत का आलात?"

"भाकरीसाठी," मी सहज बोलून गेले. आमच्या यांना सुरतेजवळ पलसाण्याच्या डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, काम मिळालं होतं.

बेन हसल्या. त्यांचे वडील सौराष्ट्रातून आलेले. "मारा बापुजी पण रोटलो रळवा आव्या'ता." रोटलो रळवो म्हणजे पोटासाठी कमावणं.

म्हणजे वस्तूनेही आणि अर्थानेही आमच्या भाकरीची खरी बहीण भाखरी नव्हतीच, रोटलो होता. माझे हात पिठात तसेच थांबले. "काय झालं?" बेननी विचारलं. मी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग आज रोटलोच थापा!"