नर्सबाईंचा हिवाळा

गुडगावच्या अकराव्या मजल्यावर नोव्हेंबर उजाडला की शमीमबाईंना खोकल्याची उबळ सुरू व्हायची. खिडकीबाहेर दिवसभर धुरकट पांढरं, आत हीटरची कोरडी ऊब. मुलगा फैजान लागोपाठ तीन हिवाळे त्यांना डॉक्टरकडे नेत राहिला. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "अम्मांना थंडीत इथं ठेवू नका. जिथं ऊन आहे तिथं पाठवा."

ऊन म्हटल्यावर फैजाननं गोव्याचं नाव काढलं. त्याचे वडील, हाशिमभाई, चष्मा पुसत म्हणाले, "गोव्यात आपलं कोण आहे? आम्ही पासलीला जातो."

भोरमधलं त्यांचं घर भाड्यानं दिलेलं होतं. पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या पासलीत गोरख आणि त्याची बायको नूतन यांनी भातशेती सांभाळून तीन खोल्यांचा मुक्काम चालू केला होता. निवृत्त माणसं पुण्याहून येऊन आठवडा-पंधरवडा राहायची. शमीमबाईंना तिथं पाहुणी म्हणून जाताना जरा अवघडल्यासारखंच झालं. तीस वर्षं त्या याच भागात नर्स होत्या. पासलीच्या उपकेंद्रात त्यांची खुर्ची होती, आणि आजूबाजूच्या वाड्यांना त्यांचे पाय माहीत होते. गोरख स्वतः त्यांच्याच हातावर जन्मला होता.

रात्री गारठा असायचाच, पण दहाच्या सुमाराला अंगणात ऊन उतरलं की पाठ शेकून निघायची. आठ दिवसांत खोकला कुठल्या कुठं पळाला. हाशिमभाईंना तर पंखच फुटले. वेल्ह्याच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून उताऱ्यांत मान घालून बसलेला माणूस, आता गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरांची नावं वहीत उतरवू लागला. एकदा गोरखनं सगळ्यांना जीपमधून भाटघर धरणाच्या पाण्याकाठी नेलं. तिथं तांबूस रंगाच्या चक्रवाकांची जोडी बघून ते इतके हरखले, की शेजारच्या निवृत्त बँकवाल्याला त्यांनी मिठीच मारली.

एका सकाळी गोरख पाहुण्यांना घेऊन वरच्या वाडीच्या वाटेला लागला. हिरड्याच्या झाडाखाली थांबून त्यानं बोट वर केलं. फांदीवर तपकिरी अंगाचं, लांब झुबकेदार शेपटीचं शेकरू बसलं होतं. पुढच्या पायांत फळ धरून निवांत कुरतडत होतं.

शमीमबाई मान वर करून बघतच राहिल्या. मग एकदम हसल्या. "अरे गोरख, तीस वर्षं मी याच वाटेनं गेले-आले. हे झाडही इथंच होतं. पण मी नेहमी पायाखाली बघून चालायचे. दगड बघायचे, जनावर बघायचे. वर बघायला सवडच नव्हती."

"शेकरू बी तवा हुतंच की, बाई," गोरख म्हणाला. "तुमी न्हाई बघितलं, पर त्यानं बघितलं आसंल तुमाला. बॅग घिऊन पळताना."

उतरताना त्यांना एकेक आठवू लागलं. या वळणावर चप्पल तुटली होती. त्या खडकावर बसून लसीच्या डब्यातला बर्फ तपासला होता. वाडीतल्या पोरी त्यांच्या पांढऱ्या साडीचा पदर हातात घेऊन बघायच्या. पुढं त्यातल्याच दोघींची बाळंतपणंही त्यांनी केली. सांगता सांगता त्यांचा आवाज तरुण होत गेला, आणि हाशिमभाई पाखरं सोडून त्यांच्याकडे बघत राहिले. यातलं निम्मं त्यांनी लग्नाच्या बायकोकडून आज पहिल्यांदा ऐकलं होतं.

शनिवारी दिवेलागणीला नूतननं अंगणात कार्यक्रम ठेवला. गावच्या चार तरुणांनी भारूड केलं, गोरखचे वडील गेनबा टाळ घेऊन मागं उभे राहिले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवून अंगण डोक्यावर घेतलं. मग नूतननं माळ्यावरून उतरवलेलं जातं मध्ये मांडलं आणि सासूला, साळूबाईंना, पुढं बसवलं.

साळूबाई आधी लाजल्या. मग खुंटा धरला, मूठभर नाचणी टाकली, आणि दगडाच्या घरघरीवर आवाज सोडला. माहेरची ओवी झाली, भावाची झाली. पुण्याच्या पाहुण्यांनी मोबाईल वर धरले होते. साळूबाईंनी एकवार शमीमबाईंकडे पाहिलं, डोळे मिटले आणि म्हटलं,

"वरल्या वाडीला गं पायवाट निसरडी
नरसबाई माझी चाले वाऱ्याच्या आगुदरी.
पायाळू माझं बाळ गं उंबऱ्यात अडलं
शमीम भैनीनं हात देऊन काढलं."

शमीमबाईंच्या हातातला चहाचा पेला तसाच राहिला. गोरख पायाळू होता हे त्यांना लख्ख आठवत होतं. माघातली दुपार, घरात दोघीच, भोरला न्यायला वेळ नव्हता, आणि आधी आलेले ते इवले पाय. पण त्या दुपारचं गाणं झालंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर त्या चुलीपाशी गेल्या. "साळूबाई, कधी रचली हो ही?"

"गोरख अडीच म्हयन्याचा आसंल. दळताना तोंडात आली."

"मग मला कधी म्हणून दाखवली नाही?"

"तुमच्या म्होरं? तुमी सरकारी मानूस! आन ओवी म्हंजी पिठासंगं जायची. पुढं गिरनी आली, जातं माळ्यावर गेलं. मग कुनाला म्हनून दावनार?"

चुलीतलं लाकूड शमीमबाईंनी उगाच आत सारलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "सगळ्यांना वाटतं मी खूप जणींना वाचवलं. मला मात्र बाळाबाई आठवते."

बाळाबाई ही साळूबाईंची मावसबहीण, वरच्या वाडीत दिलेली. तिच्या कळांचा निरोप पासलीत उशिरा पोचला होता. शमीमबाई धावत वर गेल्या तेव्हा आई आणि लेकरू दोघंही गेलेली होती. त्यांनी अहवाल लिहून दिला, आणि त्यानंतर ते नाव कोणाजवळच काढलं नाही. नवऱ्याजवळही नाही.

"तिची बी ओवी हाय," साळूबाई म्हणाल्या. "पर ती म्या कार्यक्रमात म्हनत न्हाई."

आणि जात्याशिवायच, अगदी पुटपुटल्यासारखं, त्यांनी म्हटलं,

"बाळाबाई गेली माझी भरल्या गं ओटीनं
नरसबाई रडली भिंतीला टेकून पाठीनं."

शमीमबाईंनी चमकून वर पाहिलं. "मी रडले ते कोणी पाहिलं नव्हतं."

"म्या बी तवा वरच व्हते. तुमी घरामागं गेला व्हता. म्या पानी घिऊन आले तुमच्यासाठी. पर हाक मारली न्हाई. म्हनलं, रडू द्यावं."

इतकी वर्षं शमीमबाई समजत होत्या की त्या दिवशी वाडीनं त्यांना दोष दिला असेल. तो दोष त्या भोरला घेऊन गेल्या, तिथून गुडगावलाही. आणि इथं एक बाई तांब्या घेऊन भिंतीच्या कोपऱ्याशी उभी होती. त्यांनी पदर तोंडाला लावला. साळूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दारात हाशिमभाई आले, क्षणभर थांबले आणि काही न विचारता परत अंगणात गेले.

दुसऱ्या दिवशी फैजानचा फोन आला. परतीची तिकिटं कधीची काढू, असं विचारत होता.

"शिमगा होऊ दे," शमीमबाई म्हणाल्या.

"अम्मा, खोकला आहे का अजून?"

"खोकला गेला रे. पण दळण राहिलंय."

दळण म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, आणि त्यांनीही उलगडून सांगितलं नाही. त्या भोरच्या बाजारपेठेत वाढलेल्या. जन्मात कधी जातं ओढलेलं नव्हतं. साळूबाईंनी त्यांना समोर बसवलं, खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक आले. पहिलं पीठ रव्यासारखं जाडंभरडं पडलं. नूतन हसू लागली, तशा त्या दोघीही हसल्या.

बाहेरून हाशिमभाईंची हाक आली. "शमीम, लवकर ये! धनेश बसलाय उंबरावर, चोच बघ केवढी!"

"थांबवा त्याला," त्या आतूनच ओरडल्या, "एवढी ओंजळ होऊ द्या!"