वजन पाहून थांबणारा

आमच्या साक्री रस्त्यावरचा डिझेल पिकअपवाला माणसाचं वजन पाहून थांबायचा. टनभर कांदे पेलणारे त्याच्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे इतके कडक, की रिकामी गाडी बेडकासारखी उडायची आणि भरली की पालखीसारखी चालायची. जाड्या माणसासाठी करकचून ब्रेक. मला मात्र, "मास्तर, तुमनं वजन नही शे, एसटीमा या!"

आईचा पाय मोडला तेव्हा तो गाडी घेऊन दारात आला आणि गल्लीभर ओरडला, "बठ्ठा बसा रे! गाडी दबाले जोयजे!" मधे गादीवर आई, भोवती अख्खी गल्ली. मलाही त्यानं पहिल्यांदाच बसवलं, पण मांडीवर दगडी जातं देऊन.

धुळ्यापर्यंत एक हिसका बसला नाही. दवाखान्यात उतरवताना आई त्याला म्हणाली, "भाऊ, आखो एक चक्कर मार ना!"