अत्तर लावलेले रियाल

सोलापूर मागं पडलं की हैदराबादकडं जाणारा रस्ता इतका रुंद आणि गुळगुळीत होतो, की आपला देश खरंच कुठंतरी पोचणार असं वाटायला लागतं. येणेगूरच्या फाट्यावर उतरलो आणि तो भ्रम फिटला. मुरूमच्या जीपमध्ये माझ्या मांडीवर शेजाऱ्याची खताची पिशवी होती आणि शेजाऱ्याचा अर्धा देह जीपच्या बाहेर होता. दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली काळी रानं आणि मधूनच पिवळ्या फुलांवर आलेली तूर. बघायला निवांत असतो तर सुंदर म्हटलं असतं.

मी चाललो होतो रफीकच्या आईकडं. रफीक आणि मी सोलापूरला शिकताना एका खोलीत राहायचो. पुढं तो रियाधला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला. गेल्या वर्षी छातीत कळ येऊन तिथंच गेला आणि तिथंच त्याचं दफन झालं. आईला तोंडही बघायला मिळालं नाही. आता त्या उमऱ्याला (हजच्या दिवसांखेरीज करायची मक्केची यात्रा) निघाल्या होत्या. लेक ज्या मुलखात आहे तिथं एकदा पाय ठेवायचा, एवढंच त्यांना हवं होतं. मक्का आणि रियाध यांत फार अंतर आहे, हे मी फोनवर दबकत सांगितलं.

"मुलूक तर त्योच की," त्या म्हणाल्या. "तू ये बेटा. दुनिया फिरलेला हायस. तुला बँकेत बोलता येतं."

मी चार-दोन परदेशी विमानतळांवर काचेखालून नोटा सरकवल्या होत्या आणि काचेमागच्या माणसानं मान वर न करता त्या बदलून दिल्या होत्या. एवढ्या अनुभवाला मी ज्ञान समजत होतो.

खालांनी (रफीकच्या आईला सगळं मुरूम खाला, म्हणजे मावशी, म्हणतं) खिचडी आणि खट्टा (चिंचेचं आंबट-तिखट कालवण) वाढला. जेवण झाल्यावर त्यांनी कुराणाच्या वेष्टनाशेजारून हिरव्या कापडाची घडी काढली. आत सौदीचे रियाल होते. घरखर्चाचे पैसे रफीक बँकेतूनच पाठवायचा, त्याची नोंद सगळीकडं होती. या नोटा मात्र त्यानं दर सुट्टीत आईच्या हातात ठेवलेल्या ईदीच्या, म्हणजे ईदच्या भेटीच्या. खालांनी एकही मोडली नव्हती. उलट दर ईदला त्या प्रत्येक नोटेला अत्तराचं बोट लावायच्या. खोली घमघमली. नोटा मधेमधे भज्यांखालच्या कागदासारख्या आरपार झाल्या होत्या.

"अत्तर कशाला लावलं, खाला?"

"ईदी कोरडी ठेवत्यात का रं?"

उमऱ्याचे अर्धे पैसे त्यांनी शेळ्या विकून भरले होते. उरलेले सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायचे होते आणि आज रविवार होता. जथ्था नेणाऱ्या हाजीसाबांचं बाजारात कापडाचं दुकान. माणूस सरळ. "खाला, रियाल मी घेतले असते, पण मला म्होरं समदं बँकेतूनच भरायचंय," ते म्हणाले. म्हणजे जे पैसे तिकडं गेल्यावर सहज चालले असते, तेच तिकडं जायला चालत नव्हते. मी म्हणालो, उरलेले मी भरतो.

"नक्को," खाला म्हणाल्या. "रफीकच्या पैशानं जायचंय मला. दुसऱ्याच्या पैशानं जायचं तर म्या हितंच बरी."

सोमवारी मुरूमच्या बँकेतल्या माणसानं नोटांकडं न बघताच "धाराशिवला जा" म्हणून सांगितलं. गेलो. नळदुर्गचा किल्ला गेला, तुळजापूर आलं. कपाळभर हळदीकुंकू लावलेल्या बायका बसमध्ये चढल्या. एकीनं खालांना सरकून जागा दिली आणि पेढाही दिला. खालांनी तो रुमालात बांधला.

"देवाच्या दारात जाणाऱ्याला पावती मागत न्हायत, बघ," त्या मला म्हणाल्या. हल्ली तिथंही पास काढावा लागतो.

जिल्ह्याच्या गावाची सध्या दोन नावं वावरतात. स्टँडच्या पाटीवर धाराशिव, खालांच्या आधार कार्डावर उस्मानाबाद. गाव एकच आहे याचा पुरावा अजून कुणी मागितलेला नाही. बँकेत ग्राहक सन्मानाचा कार्यक्रम मांडलेला. फुगे, समई, शालींची चळत, आणि माईकवर एकजण "हॅलो, हॅलो" एवढंच भाषण पुन्हापुन्हा करत होता. परकीय चलनाच्या टेबलावर एक थकलेल्या, सभ्य बाई होत्या.

"खरेदीची पावती?"

"ईदीची?" खालांनी विचारलं.

"म्हणजे हे रियाल कुठून घेतले, त्याचा कागद. कुणी आणले हे?"

"माझ्या लेकानं."

"मग त्यांनाच यावं लागेल, मावशी. त्यांचा पासपोर्ट घेऊन."

खालांनी पिशवीतून रफीकचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. वकिलातीनं त्याचा कोपरा कापून परत पाठवला होता. बाईंनी तो उघडला आणि हळूच मिटला.

"हा रद्द झालाय."

"माणूस बी रद्द झालाय, बाई," खाला म्हणाल्या.

बाईंनी पासपोर्ट खालांच्या हातात परत दिला. मग नियमात नव्हतं तरी नोटा आत घेऊन गेल्या. मशीननं एकेक नोट बाहेर टाकली. त्यांनी एक दिव्यासमोर धरली. जिथं राजाचा चेहरा उमटायला हवा होता तिथं तेलाचा डाग होता, आणि नको तिथून त्यांची बोटं दिसत होती.

"अस्सल असतीलही. मला तर वाटतंय आहेतच. पण तसं मी लिहून देऊ शकत नाही."

मी माझं दुनिया फिरणं पणाला लावलं. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, साहेबांना भेटणं, सगळं बोलून पाहिलं. बाई शांतपणे ऐकत राहिल्या. "वारसाचा कागद आणलात, तरी नोट खरी आहे हे तो कागद सांगणार नाही," त्या म्हणाल्या. तेवढ्यात समई पेटली. खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या म्हणून एकानं खालांना धरून पुढच्या रांगेत बसवलं आणि हातात गुलाब दिला. ज्येष्ठ ग्राहक. खालांचं त्या बँकेत खातंही नव्हतं. त्या भाषण संपेपर्यंत बसून राहिल्या. मधूनच उठणं त्यांना उद्धट वाटलं असावं.

बाहेर पायरीवर एक माणूस चिकटला. "मावशी, अर्ध्या भावात घेतो. कागद नको, काही नको."

"चोरीचा माल हाय का?" खाला इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की तो गर्दीत विरघळला. परतीच्या बसमध्ये त्यांनी खिडकीकडं तोंड केलं आणि मुरूमपर्यंत ते वळवलं नाही. गुलाब मांडीवर होता.

हाजीसाब दुकानाचं शटर अर्धं ओढून थांबले होते. आमचे चेहरे बघून ते म्हणाले, "खाला, म्होरच्या जथ्थ्यात जागा धरतो तुमची. भरलेलं कुठं जात न्हाय."

"म्होरच्या जथ्थ्यात काय पावती उगवंल व्हय?" खाला म्हणाल्या. त्या हसल्या. रडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

सकाळी निघताना त्यांनी मला थांबवलं. प्रवासाला निघालेल्याच्या दंडाला इमाम जामीन (कापडात पैसे गुंडाळून बांधलेली रक्षणाची गाठ) बांधायची त्या घरची रीत आहे. सुखरूप पोचल्यावर ते पैसे गरजवंताला द्यायचे. रफीक निघाला की त्या रुपयाचं नाणं बांधायच्या. रियाधला रुपया कोण घेणार? ती नाणी त्यानं एका डब्यात साठवली होती, हे तो मला हसत सांगायचा. आईला फोनवर मात्र म्हणायचा, "दिया, अम्मी."

खालांनी घडीतली सगळ्यात लहान नोट काढली, तिला अत्तर लावलं आणि हिरव्या चिंधीत गुंडाळून माझ्या उजव्या दंडाला बांधली.

"खाला, रुपया बांधा की."

"कामून? हितं चालत न्हाय म्हणून काय खोटी हाय ती?" गाठ आवळत त्या म्हणाल्या. "दे बरं कुणाला तरी. दिल्याबिगर सफर पुरी होत न्हाय."

पुण्यात स्वारगेटला उतरलो तेव्हा शर्टाच्या बाहीला तेलाचा डाग पडला होता. स्टँडच्या दारात एक म्हातारी हात पुढं करून बसलेली. मी चिंधी सोडून नोट तिला दिली. तिनं ती उलटीसुलटी केली, वास घेतला आणि परत केली.

"चालणारी द्या, दादा."

मी दहा रुपये दिले. ते तिनं घेतले. रियाल पुन्हा माझ्या खिशात आला. आता तो कुठून आला याची पावती माझ्याकडंही नव्हती.

घरी पोचतो न पोचतो तोच खालांचा फोन आला. "पोचलास, बेटा? दिलं का कुणाला?"

"दिया, खाला," मी म्हणालो.

त्यांनी पावती मागितली नाही.