न बोलणाऱ्याची जागा

साहेबाच्या राज्यात नवापूरच्या डोंगरपट्टीतल्या आमच्या शाळेत पौलस मास्तर इंग्रजी शिकवायचे. ‘नाइफ’ लिहिताना आम्ही सगळेच सुरुवातीचा ‘के’ गाळायचो. मराठीत कानाला ऐकू येतं तेच लिहायची सवय. मग जे तोंडातून निघतच नाही, ते अक्षर लिहायचं कशाला? मला तर त्या भाषेचा संतापच यायचा.

मास्तरांनी छडी उचलली नाही. विचारलं, “गावच्या पंचांत बुध्याबाबा कधी बोलतो का?”

बुध्याबाबा गावात सर्वांत म्हातारा, त्याची वाचा केव्हाच गेलेली. आम्ही म्हणालो, “नाही.”

“मग त्याच्याशिवाय पंच बसतात का?”

“नाही.”

“तसाच हा ‘के’. बोलत नाही, पण त्याची जागा त्याचीच.”

पुढे मास्तरांनाच अर्धांगवायू झाला आणि त्यांची वाचा गेली. नवे मास्तर आले. पहिल्याच सकाळी आम्ही पोरांनी पौलस मास्तरांना खाटेसकट उचलून आणलं आणि फळ्याजवळ ठेवलं.

नवे मास्तर खेकसले, “यांचं इथं आता काय काम?”

मीही तसाच खेकसलो, “ते असल्याशिवाय शाळा भरत नाही.”