आंधी मले चाखू दे

"थांब बाई, आंधी मले चाखू दे!" असं म्हणत ती माझ्या हातातलं फळ काढूनच घ्यायची. मग ते नाकाशी न्यायची, फोडायची, उजेडात धरायची. फौजदारानं चोराकडे पाहावं, तशी ती केळ्याकडे पाहायची.

गोंदियाला रेल्वेच्या चाळीत राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. इंग्रजी अंमल होता. माझे यजमान मालधक्क्यावर कारकून. थोरला सात महिन्यांचा, नुकता बसू लागलेला. त्याला न्हाऊ घालायला ही सुईण रोज सकाळी जवळच्या खेड्यातून चालत यायची. आम्ही तिला मावशी म्हणत असू.

तिचा कुणावरच विश्वास नव्हता. केळेवाल्यावर नाही, सासूबाईंवर नाही, माझ्यावर तर नाहीच. "एका टायमाले एकच फळ," ती बजावायची. "तीन रोज पाहाचं. दोन देल्ले आन् पोट बिघडलं, त चोर कोनता, कसा कळन?"

बोटाच्या पेरावर मावेल एवढा कुस्करलेला गर ती बाळाला चाटवायची. उरलेलं फळ स्वतः खायची. खरं सांगते, मला तिचाच संशय यायचा. चाखण्याच्या नावाखाली म्हातारी चंगळ करते, असं मी यजमानांना बोललेसुद्धा. माझ्या जागी तुम्हीही हेच म्हणाला असता.

एकदा मामेसासरे तिरोड्याहून पेरू घेऊन आले. आई मी आहे की ही, असं मनाशी म्हणत मावशी यायच्या आधीच मी एक फोड बाळाच्या हातात दिली. त्यानं ती तोंडात कोंबली आणि त्याचा आवाजच बंद झाला. ओठ निळे पडू लागले. मी किंचाळले.

मावशी तेवढ्यात अंगणात पोचली होती. धावत येऊन तिनं लेकराला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर तळव्यानं जोरात थापा मारल्या. पाचव्या थापेला फोड बाहेर पडली. बाळानं टाहो फोडला.

आता ही मला फाडून खाणार, असं वाटलं. पण ती भिंतीला टेकून मटकन बसली.

"चुकलं माझं, मावशी."

ती हळू म्हणाली, "माह्या नातवाले म्याच बोर देल्लं होतं, बाई. गोड हाये का, तेवढंच पायलं. बी काढाची राह्यली. पोरगं गेलं. तवापासून मले कोनाचाच भरोसा नाही. माहा सोताचा त नाहीच."

त्या दिवसापासून बाळ तिच्या मांडीवर दिलं, की मी निर्धास्त आत कामाला जाऊ लागले. पुढच्या वर्षी पटकीची साथ आली. आठ दिवस ती आली नाही. नवव्या दिवशी तिचा जावई सांगायला आला.

मुलगी झाली तेव्हा दुसरी सुईण मिळाली. तरुण, हसतमुख, हाताची हलकी. सगळी चाळ तिचं कौतुक करायची. पण तिच्या मांडीवर मुलगी असताना मी एकदाही उठून आत गेले नाही.