काकासाहेबांच्या वाटची लाट

माझ्या डाव्या कानाला काहीही झालेलं नाही. उजव्यालाही नाही. लग्न झाल्यापासून आजपर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, आणि आता केस पांढरे होत असताना सांगतोय ते कानासाठी नव्हे, काकासाहेबांसाठी. काकासाहेब म्हणजे माझ्या बायकोचे थोरले चुलते, मुक्काम देवास. चार माणसं एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यावीत, त्यांना वेळेवर खाऊ घालावं आणि एकही न हरवता, न रुसता परत आणावीत, या विद्येत त्यांच्या तोडीचा माणूस साऱ्या माळव्यात झाला नाही, असं माझं ठाम मत आहे. मी स्वभावाने अबोल. कुणाची स्तुती माझ्या तोंडून सहसा निघत नाही. पण हा माणूस आठवला की आजही माझे हात आपोआप जुळतात.

त्यांचे आजोबा दरबारच्या फरासखान्यात होते. स्वारी निघायच्या आधी तंबू, जाजमं आणि पाण्याच्या पखाली घेऊन पुढे जायचं आणि महाराज पोचतील तेव्हा जणू ते कालपासून तिथेच राहत होते असं भासवायचं, हे त्यांचं काम. संस्थान गेलं, तंबू गेले, काकासाहेब बँकेत नोकरी करून रीतसर निवृत्त झाले. पण स्वारी काही त्यांच्या रक्तातून गेली नाही. घरातलं कुणी कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघालं तरी ते दारापर्यंत येतात आणि गंभीरपणे विचारतात, "परतीचा रस्ता कोणता?" भाच्याच्या लग्नाचं वऱ्हाड बदनावरला जायचं होतं, तेव्हा आदल्या दिवशी त्यांनी वऱ्हाडाची बस मागवून घेतली, मंडीतल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून सोयाबीनची पोती आणली आणि एकेका सीटवर एकेका नातेवाइकाच्या अंदाजाने पोतं बसवून बस अख्ख्या रस्त्याने फिरवून आणली. त्यांच्या थोरल्या बहिणीच्या जागेवर दोन पोती होती. हे कळल्यावर त्या लग्नालाच येईनात. काकासाहेब शांतपणे म्हणाले, "आक्कासाहेब, दोन ठेवली म्हणून तर बसच्या स्प्रिंगचा पाटा कुठे मोडतो ते कळलं. एक ठेवलं असतं तर उद्या तुमच्यासकट मोडला असता." आक्कासाहेब आल्या, नव्या पाट्यावर बसून आल्या आणि येता-जाता दोन्ही वेळा त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

नेमावरला नर्मदेच्या स्नानाला जायचं तर हे आठवडाभर आधी एकटे जाऊन घाटाच्या कुठल्या पायरीला शेवाळ धरलंय ते अनवाणी पायांनी चाचपून येत. माझा कान दुखायला लागला तो याच घाटावर. लग्नानंतरचं पहिलं स्नान. सगळं सासर पाण्यात उतरलं आणि वर वळून मला हाका मारू लागलं, "जावईबापू, या!" मला पाण्याची भीती वाटते. लहानपणी धारला विहिरीत पाय घसरला होता, कुणीतरी केसांना धरून वर काढलं. तेव्हापासून गुडघ्याच्या वर पाणी चढलं की माझी छाती आवळते. एवढंच सांगायचं होतं. पण नवा जावई, कोरं धोतर, पाण्यातून वर पाहणारे इतके डोळे. मी डावा कान धरला आणि म्हणालो, "कानाचं दुखणं आहे. पाणी वर्ज्य सांगितलंय." त्या दिवसापासून माझा कान ही सासरची सामाईक मालमत्ता झाली. कुणी लसणाचं तेल पाठवतं, कुणी लोकरीची टोपी. देवासला गेलो की काकीसाहेब माझ्याशी ओरडून बोलतात. मी सवयीने थोडं उशिरा उत्तर देतो.

तर, आता वॉटर पार्क. इंदूरच्या बाहेर, धारहून देवासला जाणाऱ्या आमच्या वाटेवरच, तो उभा राहिला. संपूर्ण छताखाली, पाणी कोमट, आणि एका मोठ्या कुंडात यंत्राने लाटा सोडतात, ही बातमी काकासाहेबांना लागली आणि त्यांची झोप गेली. एके काळी देवासचा तलाव आडवा पोहून जाणारा हा माणूस. पण छातीचं मोठं दुखणं होऊन गेल्यावर काकीसाहेबांनी तलाव बंद, नदी बंद, बादलीभर गार पाणीही बंद असं फर्मान काढलं होतं. मला एकदा बाजूला घेऊन ते म्हणाले, "जावईबापू, आमचे वाडवडील घाटावरून इकडे आले. आम्ही मागे फिरलो तेही साताऱ्यापर्यंत. घाट उतरून कोकणात कुणी गेलंच नाही. समुद्र पाहिलेला नाही मी. एक लाट अंगावर घ्यायची आहे. एकच. यंत्राची असली तरी चालेल." काकीसाहेबांनी पुष्कळ विचार करून परवानगी दिली: छत आहे, पाणी कोमट आहे, म्हणून एकदा. पुन्हा नाव काढायचं नाही.

मग जी तयारी सुरू झाली ती मी भारावून पाहत राहिलो. पाहणीला ते अनेकदा जाऊन आले. पहिल्या खेपेला कुंडातलं पाणी तांब्यातून घरी आणून रात्रभर झाकून ठेवलं आणि सकाळी तळाशी गाळ बसत नाही याची खात्री केली. नायलॉनचा पोशाख घातल्याशिवाय आत सोडत नाहीत हे समजल्यावर तो विकत आणला, धुतला, इस्त्री करताना त्याचा एक पाय किंचित जाळला, आणि तो घालून, वर टोपी चढवून, घरातल्या घरात सकाळ-संध्याकाळ चालण्याचा सराव केला. लाटांच्या कुंडावर शिटी घेऊन उभ्या राहणाऱ्या रक्षकाची तर त्यांनी उलटतपासणीच केली.

"लहर कब छूटती है?"

"हर घंटे, अंकल. पहले हूटर बजता है."

"हूटर के कितनी देर बाद?"

"अरे भिया, बस, आ जाती है."

"सवारी 'बस' नहीं आती," काकासाहेब म्हणाले. "पक्का बताओ." पुढच्या खेपेपासून तो रक्षक त्यांना पाहिलं की खुर्चीवरून उठायचा आणि म्हणायचा, "आओ दरबार."

बेत मांडायला त्यांना कागद लागत नाही. सहलीच्या आधीच्या रविवारी आम्हाला देवासला बोलावून घेतलं, जाजम अंथरलं, मध्ये पितळी परात ठेवून तिच्यात चक्क कोमट पाणी ओतलं आणि पानाचा डबा उघडला. परात म्हणजे लाटांचं कुंड, अडकित्ता म्हणजे गाडी. काकीसाहेब म्हणजे वेलदोडा, माझी बायको लवंग, आमची मुलगी खडीसाखर. खडीसाखर परातीत पडल्यावर विरघळू लागली तेव्हा जरा धांदल उडाली. काकासाहेबांनी ती बोटांनी उचलली आणि तत्काळ नियम केला की नातीला मधूनमधून बाहेर काढून वाळवायचं. "आजोबा, मैं मेल्ट नहीं होती," मुलगी म्हणाली. "खात्री झाल्याशिवाय तसं म्हणू नये," आजोबा म्हणाले. मग त्यांनी डब्यातली एक काळपट भाजकी सुपारी काढली, तिच्याकडे जरा प्रेमाने पाहिलं आणि परातीच्या अगदी मधोमध ठेवली. हे ते स्वतः. शेवटी एक अख्खी, पांढरी, देखणी सुपारी माझ्यासाठी निघाली आणि ती परातीवर आलेली पाहून मी कान धरला.

"काकासाहेब, माझं ते... कानाचं."

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं, असं मला वाटलं. मग माझी सुपारी परातीच्या बाहेर, जाजमावर ठेवली. थोड्या वेळाने त्यांनी पाण्यात हात घातला, स्वतःची सुपारी बाहेर काढली, उपरण्याला पुसली आणि माझ्या सुपारीशेजारी ठेवली.

"अहो!" काकीसाहेब म्हणाल्या. "मी बसेन ना त्यांच्यापाशी!"

"तुम्ही जावयासमोर बसून काय कराल? पदर सावराल. आमच्या घरी जावई एकटा बसत नाही."

मी तोंड उघडलं होतं. एवढं खरं आहे की मी तोंड उघडलं होतं. पण त्याच क्षणी कुणीतरी विडा पुढे केला आणि तो मी तोंडात घातला.

सहलीच्या दिवशी आम्ही भल्या सकाळी धारहून निघालो आणि पार्कच्या दारासमोरून सरळ पुढे गेलो. मुलगी काचेला नाक लावून ओरडली, "पप्पा, हेच तर आहे ना? आपण आगे क्यों जा रहे?" जावयाला सासरघरून नेल्याखेरीज स्वारी निघत नाही, हे तिला कोण समजावणार! बायको एवढंच म्हणाली, "आधी देवास." देवासला जाऊन पाय धुतले, पोहे खाल्ले, औक्षण झालं, आणि तितकंच अंतर उलटं कापून आम्ही पुन्हा त्याच दारापाशी आलो. काकासाहेब गाडीतून उतरले, घड्याळाकडे पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, "वेळेवर."

आत गेल्यावर त्यांनी आधी माझ्या दोन्ही कानांत तेलाचे बोळे घातले. दोन्ही. मग नायलॉनचा पोशाख अंगात, टोपी डोक्यावर, अशा थाटात ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले आणि तिथून त्या दिवसाची सूत्रं हलवू लागले. कुठली घसरगुंडी केव्हा रिकामी होते, जेवणाच्या जागी कुठल्या टेबलावर वारा लागत नाही, सगळं त्यांनी सांगितलं तसं घडत गेलं. दुपारी एकाएकी वीज गेली. छताखालचं ते एवढं जग काळोखात बुडालं, पोरं किंचाळू लागली, बाया नावं घेऊन हाका मारू लागल्या. आमची माणसं मात्र जागच्या जागी उभी राहिली आणि शिकवल्याप्रमाणे एकेकाने नातं पुकारलं: "काकी!" "लेक!" "नात!" शेजारून काकासाहेबांचा आवाज उठला, बोळ्यांतूनही मला ऐकू आला: "कोई हिले नहीं! बच्चे का हाथ पकड़ो, जहाँ हो वहीं रहो!" आणि खरं सांगतो, तो अनोळखी माणसांचा सगळा गलबला थांबला. दिवे आले तेव्हा कुंडात सगळे पुतळ्यांसारखे उभे होते आणि शिटीवाला रक्षक काकासाहेबांकडे पाहत पुढल्या हुकुमाची वाट बघत होता.

मग भोंगा वाजला. काकासाहेब उठून उभे राहिले. पलीकडच्या भिंतीतून पाणी फुगत आलं, काकीसाहेबांच्या डोक्यावरून गेलं आणि त्या वर आल्या त्या हसतच. इतक्या मोठ्याने हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "अहो, या की! एकदा या!" त्या हात हलवत होत्या. काकासाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. लाटेचं शेवटचं टोक फरशीवर पसरत आमच्या खुर्च्यांपर्यंत आलं. मी पाय वर घेतले. त्यांनी घेतले नाहीत. पाणी त्यांच्या बोटांना लागून मागे गेलं. मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "कशी आहे?"

"आवाज चांगला आहे," ते म्हणाले आणि खाली बसले. भोंगा तासातासाने पुन्हा पुन्हा वाजत राहिला. ते दर वेळी उठले, दर वेळी बसले.

संध्याकाळी अर्थातच आधी देवास. सगळे आत गेल्यावर त्यांनी मला ओसरीवर थांबवलं आणि स्वतःच्या हातांनी माझ्या कानांतले बोळे काढले. मग खालच्या आवाजात, जशी कुणी पंचांगातली तिथी सांगावी तसं म्हणाले, "नेमावरला डावा होता. रविवारी उजवा धरलात." मी मान खाली घातली. त्यांनी बोळे खिशात टाकले. "पुढल्या खेपेला गुडघाभर. मी पुढे, तुम्ही मागे. त्याच्या वर पाणी येऊ द्यायचं नाही, ती व्यवस्था माझी."

पुढली खेप आली नाही. परवानगी एकदाचीच होती. आणि त्या वर्षीच्या थंडीनंतर छातीने पुन्हा उचल खाल्ली. आता काकासाहेब खोलीतून ओसरीपर्यंत येतात आणि खांबाला धरून टेकतात. आम्ही गेलो की अजून डबा उघडतात, परात मागवतात, कुठला तरी बेत मांडतात. दोन सुपाऱ्या परातीच्या काठाशी, बाहेर, शेजारी शेजारी असतात. कान हा शब्द त्यांनी पुन्हा काढलेला नाही, आणि काकीसाहेब माझ्याशी ओरडून बोलतात तेव्हा ते खिडकीबाहेर पाहतात.

त्यांच्या मागे गुडघाभर पाण्यात उभं राहणं, आणि त्यांच्या वाटची ती एक लाट, एवढं मी काकासाहेबांचं देणं लागतो.